दोन घरांचे एक घर : पुनर्विवाहित कुटुंब आणि समुपदेशन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मुरबाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सव म्हटला की गतकाळातील कार्याचा आढावा घेतला जातो आणि ते योग्यच आहे. देरासर, उपाश्रय, पाठशाळा, जीवदया, रुग्णसाहाय्य या मार्गांनी आपल्यासारख्या ट्रस्टनी लहान गावांतील समाजाला पन्नास पन्नास वर्षे धरून ठेवले. परंतु पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना काही नव्या गरजांकडेही पाहिले पाहिजे. त्यांतील एका गरजेविषयी आज बोलावे असे मी ठरविले. तो विषय आहे पुनर्विवाहातून उभे राहणारे कुटुंब. रूढ भाषेत सांगायचे तर सावत्र आई, सावत्र वडील आणि सावत्र भावंडे यांचे घर, आणि त्या घराला समुपदेशनाचा होऊ शकणारा आधार.

पुनर्विवाह ही आज आपल्या समाजात तोंड लपविण्याची गोष्ट राहिलेली नाही, ही समाधानाची बाब आहे. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत अनेक घरांतील तरुण कर्ते स्त्री-पुरुष गेले. घटस्फोटाचे प्रसंगही आता शहरांपुरते राहिलेले नाहीत. अशा वेळी समाजातील जाणती मंडळी पुढाकार घेतात, परिचय संमेलनांतून किंवा नातेवाइकांमार्फत स्थळ सुचवितात, दोन बैठकांत सारे ठरते आणि साधेपणाने विवाह पार पडतो. येथपर्यंत समाज सोबत असतो. त्यानंतर आपण सर्वजण आपापल्या घरी परततो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, आपण लग्न जुळवितो, पण घर जुळविण्यास जी पुढील काही वर्षे लागतात त्या वर्षांत त्या कुटुंबाच्या पाठीशी कोणीही नसते. खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक ठळक उदाहरण पाहा. धोंडो केशव कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. या विवाहामुळे अण्णांना मुरुडमध्ये बहिष्काराला तोंड द्यावे लागले, हे आपण शाळेत वाचतो. परंतु त्या घरात राधाबाईंचा अकरा वर्षांचा मुलगाही होता. तो रघुनाथ, म्हणजेच पुढे १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करणारे र. धों. कर्वे. आनंदीबाईंना पुढे स्वतःची मुले झाली. म्हणजे ज्या विवाहाला आपण समाजसुधारणेचा मैलाचा दगड मानतो, तो एका सावत्र कुटुंबाचाही प्रारंभ होता. त्या विवाहाकडे आपण सुधारक आणि सनातनी यांच्या बाजूने शंभर वेळा पाहिले. आई गमावलेल्या मुलाच्या आणि परक्या घरात आई म्हणून पाऊल टाकणाऱ्या स्त्रीच्या बाजूने मात्र क्वचितच पाहिले. ही सवय आजही कायम आहे. स्थळ पाहताना आपण दुकान पाहतो, शिक्षण पाहतो, गोत्र पाहतो. मुलाला काय वाटते हे विचारणे राहून जाते.

आपली भाषादेखील या घरांना साथ देत नाही. ‘सापत्न’ हा शब्द सपत्नी, म्हणजे सवत, या शब्दावरून आला आहे. एका पुरुषाच्या दोन स्त्रिया एकाच छताखाली नांदत होत्या त्या काळातील चढाओढ त्या शब्दात साठलेली आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याने द्विभार्या प्रथा बंद केली. आजची सावत्र आई कोणाचीही सवत म्हणून येत नाही. ती मृत्यूने किंवा घटस्फोटाने रिकाम्या झालेल्या जागी येते. तरीही एखाद्या प्रदेशावर अन्याय झाला की वृत्तपत्रे ‘सापत्न वागणूक’ असेच लिहितात. ज्या स्त्रीने अजून स्वयंपाकघरात पाऊलही टाकलेले नाही तिच्यावर आरोपपत्र आधीच तयार असते. ती मुलाला रागावली तर ‘शेवटी सावत्रच’, आणि रागावली नाही तर ‘तिला कुठे पडली आहे’, असे दोन्हीकडून ऐकावे लागते.

आता एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणू या. हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नाही. मुरबाडच्या बाजारपेठेत, सरळगावला, किन्हवलीला किंवा शहापूरला कोठेही असू शकेल असे हे घर आहे. किराणा दुकान चालविणारा चाळिशीचा गृहस्थ. पत्नी आजारपणात गेलेली. अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि घरात आजी. दोन वर्षांनी त्याचा विवाह एका घटस्फोटित भगिनीशी होतो. तिच्यासोबत तिचा सात वर्षांचा मुलगा येतो. लग्नाच्या दिवशी वडीलधारी मंडळी मुलीला सांगतात, ‘आजपासून हीच तुझी मम्मी.’ नवीन सुनेला अवघड वाटू नये म्हणून दिवाणखान्यातील दिवंगत आईचा फोटो कपाटात जातो. सहा महिन्यांनी मुलगी अबोल झालेली असते, धाकटा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो, नव्याने आलेला मुलगा ताटातील जिन्नस आधी मोजतो आणि मग खातो. आजी नकळत ‘आपल्या’ दोघांना आधी वाढते. नवी गृहिणी रात्री उशिरापर्यंत जागी असते. आणि गृहस्थ? तो दुकान रात्री साडेनऊऐवजी साडेदहाला बंद करू लागतो, कारण घरी गेले की दोन्ही बाजूंची तक्रार ऐकावी लागते.

या घरात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकाचा हेतू चांगला आहे. तरीही प्रत्येक जण एकटा पडला आहे. समुपदेशनाचे काम येथून सुरू होते.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे आणि न्यायनिवाडाही नव्हे. समुपदेशक कोण चूक, कोण बरोबर हे ठरवीत नाही. तो प्रथम प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकतो. पती-पत्नींना एकत्र, आजीला वेगळे आणि मुलांना वेगळे. लहान मूल शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून त्याच्याशी चित्रे, खेळणी, गोष्टी यांच्या माध्यमातून संवाद साधला जातो. मोठ्यांसोबत कागदावर तीन पिढ्यांचा नकाशा काढला जातो. कोण कोणाच्या जवळ, कोण दुरावलेला, कोण गेला, कोणाचे आजोळ तुटले हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसू लागते. अनेकदा हा नकाशा पाहूनच घरातील माणसे म्हणतात, ‘हे आमच्या लक्षातच आले नव्हते.’ येथे बोललेले बाहेर जात नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. अशी एक बैठक साधारण पाऊण तासाची असते. आपली सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेवढा वेळ स्थिर बसून आत पाहणे आपल्याला नवीन नाही. येथे ते दुसऱ्याच्या सोबतीने करावयाचे आहे, इतकेच.

त्या मुलीचे मन कोणी उलगडले तर काय सापडेल? तिला नवी आई वाईट वाटत नाही. उलट ती आवडू लागली आहे, आणि नेमकी हीच तिची वेदना आहे. ‘मी हिला मम्मी म्हटले तर माझ्या मम्मीला मी विसरले असे होईल,’ हा निष्ठेचा पेच अकरा वर्षांच्या जिवाला पेलत नाही, म्हणून ते मूल गप्प होते किंवा उद्धट होते. यावरचा उपाय औषधात नाही, परवानगीत आहे. मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते की, ‘तुझ्या आईची जागा तुझ्या मनात आहे तशीच राहील, ही त्या जागेवर आलेली नाही, तिच्यासाठी आपण नवी जागा करू.’ कपाटातील फोटो पुन्हा भिंतीवर येणे, आईच्या पुण्यतिथीला नव्या आईनेही हात जोडणे, मुलांचे आजोळी जाणे-येणे चालू ठेवणे ही या परवानगीची दृश्य रूपे आहेत. मुलीने तिला ‘मम्मी’ म्हणावे की ‘मावशी’, हे मुलीवर सोडावे. हाक मनातून आली तर टिकते.

दुसरा प्रश्न शिस्तीचा. अमेरिकेत एमिली आणि जॉन व्हिशर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून अशा कुटुंबांसोबत काम केले आणि पॅट्रिशिया पेपरनाऊ या मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने पुढे त्यात मोलाची भर घातली. त्यांच्या अनुभवातून आलेले दोन निष्कर्ष आपल्या घरांनाही लागू पडतात. पहिला असा की, आरंभीच्या काळात रागावण्याचे, नियम लावण्याचे काम जन्मदात्या पालकानेच करावे. सावत्र पालकाने प्रथम स्नेह आणि ओळख मिळवावी, अधिकार नंतर येतो. आपल्याकडे होते नेमके उलटे. वडील दुकानात आणि अभ्यास, जेवण, शिस्त यांचा सारा भार नव्या आईवर. दुसरा निष्कर्ष वेळेसंबंधी आहे. अशी कुटुंबे स्थिरावण्यास महिने नव्हे, वर्षे लागतात. चार वर्षांत स्थिरावले तर ते लवकर म्हणावे, असे पेपरनाऊ यांचे निरीक्षण आहे. म्हसाच्या जत्रेतून आणलेला बैलसुद्धा नव्या गोठ्यात पहिले काही दिवस वैरणीला नीट तोंड लावत नाही. जाणता शेतकरी त्याला मारत नाही, थांबतो. माणसाच्या लेकराला मात्र आपण सहा महिन्यांत ‘अजून रुळला नाही’ असे म्हणून मोकळे होतो.

नव्या आईचेही एक मन असते, हे आपण विसरतो. ‘मी या मुलांवर पोटच्या मुलाइतकेच प्रेम केले पाहिजे, तसे वाटत नाही म्हणजे मी वाईट आहे,’ या विचाराने अनेक भगिनी आतून खचतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती येथे फार उपयोगी पडते. दुःखाचे मूळ प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीच्या ‘असेच झाले पाहिजे’ या हट्टात असते, हे ती दाखवून देते. प्रेम हुकुमाने येत नाही. न्याय, काळजी आणि सौजन्य मात्र पहिल्या दिवसापासून ठरवून देता येते. तीन ताटांत सारखे वाढणे, तिघांच्या वह्यांवर सारखीच कव्हरे घालणे, तिघांच्या आजारपणात सारखेच जागणे हे आपल्या हातात आहे. प्रेम बहुधा याच वाटेने मागून येते. आणि कमी-अधिक आले तरी त्या घरात कोणावर अन्याय झालेला नसतो.

या बाबतीत आपल्या परंपरेत फार मोलाचे धन आहे. चंदनबालेची कथा आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकली आहे. कौशांबीच्या धनावह शेठने बाजारात विकली जाणारी वसुमती मुलगी मानून घरी आणली. एके दिवशी ती शेठचे पाय धूत असता तिचे केस मोकळे होऊन चिखलात पडू लागले, ते शेठने सावरले. वरून मूला शेठाणीने ते पाहिले. शेठ बाहेरगावी जाताच तिने मुलीचे मुंडन करवून, बेड्या घालून तिला कोंडले. पुढे भगवान महावीरांचा कठोर अभिग्रह याच चंदनबालेच्या हातच्या उडदाच्या बाकळ्यांनी पूर्ण झाला. आपण मूलेला दोष देतो, आणि तिचे कृत्य क्रूरच होते. पण समुपदेशक म्हणून मला एक प्रश्न पडतो. ‘हिला मुलगी मान’ असे सांगून शेठ व्यवहारात गुंतले. मूलेच्या मनात कोणती भीती वाढते आहे हे कोणी विचारले होते काय? आपण ऐकतो त्या कथेत तसा प्रसंग येत नाही. दोन माणसांना जोडणारा मधला माणूस जेव्हा गप्प राहतो, तेव्हा संशय बोलू लागतो. आपल्या चित्रातील किराणा दुकानदार रात्री साडेदहाला दुकान बंद करतो तेव्हा तोही नकळत हेच करीत असतो.

दुसरे उदाहरण विमलसूरींच्या ‘पउमचरिय’चे. महाराष्ट्री प्राकृतातील, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेतील, हे जैन रामायण. लोकप्रसिद्ध कथेत कैकेयी ही मत्सरी सावत्र आई आहे. विमलसूरींनी तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. दशरथ दीक्षा घेण्यास निघतो, तेव्हा भरताच्याही मनात वैराग्य येते. पती आणि पुत्र एकाच वेळी दुरावणार या भीतीने कैकेयी वर मागते, की भरताला राज्य मिळावे, म्हणजे तो संसारात राहील. राम स्वेच्छेने वनात जातो. पुढे तीच कैकेयी त्याला परत आणण्यास वनात जाते, क्षमा मागते आणि अखेरीस दीक्षा घेते. कृत्य तेच, परंतु त्यामागे मत्सराऐवजी आईची भीती दिसताच ती आपल्याला परकी वाटेनाशी होते. समुपदेशन याहून निराळे काही करीत नाही. रागाच्या मागे असलेली भीती शोधून ती समोरच्याला ऐकू येईल अशा शब्दांत मांडणे, हेच त्याचे सार. अनेकांत आपण व्याख्यानात ऐकतो. तो स्वयंपाकघरात आणावयाचा तर घरातील प्रत्येकाची बाजू आंशिक सत्य आहे, हे मानावे लागते.

काही भीती मात्र भावनेच्या नसतात, व्यवहाराच्या असतात, आणि त्या मनातच ठेवल्या तर विष होतात. म्हणून कायद्याची थोडी माहिती आवश्यक आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार सावत्र आई किंवा वडील हे नैसर्गिक पालक ठरत नाहीत. स्त्रीच्या संपत्तीच्या वारसाबाबत ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, पतीचा वारस म्हणून मात्र तो येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले. सावत्र पालकास मूल रीतसर दत्तक घेता यावे अशी तरतूद २०२२ च्या दत्तकविधान नियमावलीत आहे. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईस मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आहे आणि कागदोपत्री नव्या पतीची ‘सावत्र वडील’ अशी नोंद करावयास लावणे मुलाच्या मनावर आघात करणारे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले. व्यापारी घरांत दुकानाची वाटणी हा न बोलला जाणारा प्रश्न असतो. विवाहापूर्वीच वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्र करून सर्वांना ते सांगितले, तर निम्मे संशय जन्मालाच येत नाहीत.

समुपदेशनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मूल सतत झोपत नसेल, जेवण सोडले असेल, शाळेत जाण्यास नकार देत असेल, जगणे नको असे बोलत असेल, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. घरात मारहाण किंवा मुलाचे कोणत्याही प्रकारचे शोषण होत असेल, तर तेथे ‘समेट’ हा शब्दही उच्चारू नये. प्रथम मूल सुरक्षित झाले पाहिजे. त्यासाठी १०९८ ही बालसाहाय्य सेवा आहे. घराण्याची अब्रू मुलाच्या अंगावर पांघरून झाकावयाची नसते.

मदत दूर आहे, ही अडचण खरी आहे. मुरबाडला रेल्वे नाही; कल्याण किंवा ठाणे गाठायचे तर एक दिवस मोडतो. ठाण्यात शासनाचे १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. पण दूरध्वनी हाती घेण्यापूर्वी ‘लोक काय म्हणतील’ हा घाट ओलांडावा लागतो, आणि तो माळशेजपेक्षा अवघड आहे.

म्हणूनच ट्रस्टसमोर तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, समाजात पुनर्विवाह ठरला की साखरपुड्यापूर्वी वधू-वरांनी आणि मुलांनी समुपदेशकाच्या किमान तीन बैठका कराव्यात, असा प्रघात पाडावा. आपण आरोग्य तपासणी जितक्या सहजतेने सुचवितो तितक्याच सहजतेने. दुसरी, ट्रस्टच्या कार्यालयातील एक खोली महिन्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशकास द्यावी. तेथे कोण आले याची नोंद ट्रस्टने मागू नये, आणि ती खोली सर्व समाजांतील कुटुंबांना खुली असावी. तिसरी, विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थांनी लग्नानंतर दर तीन महिन्यांनी त्या घरी जावे. चौकशी करावयास नव्हे, चहा घ्यावयास. घरातील एका माणसाने जरी त्या दिवशी मन मोकळे केले तरी ते येणे सार्थकी लागले.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात जीवांचा परस्परांवरील उपकार हे जीवांचे कार्यच सांगितले आहे. रक्ताच्या नात्यात तो उपकार सवयीने घडतो. जुळलेल्या नात्यात तो जाणून-बुजून करावा लागतो, आणि म्हणून त्याचे मोल अधिक आहे. दुसऱ्याच्या लेकराला जेवू घालून निजविणारी स्त्री आणि दुसऱ्याच्या मुलाची फी भरताना ‘माझा मुलगा’ असे लिहिणारा पुरुष आपल्यातच राहतात. त्यांच्याकडे यापुढे संशयाने न पाहता आदराने पाहू या. संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्या वेळी आपल्या सहज बोलण्यातील ‘शेवटी सावत्रच’ या दोन शब्दांचीही आठवण ठेवू या.

माझ्या बोलण्यात जिनवाणीच्या विरुद्ध किंवा कोणाचे मन दुखावणारे काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.